मोत्याला मोकळं रान

एका सरकारी पार्कात चाळीस एकर जागा निव्वळ कुत्र्यांना मोकळं सोडण्यासाठी राखून ठेवली आहे, असं पुण्यातल्या कुणाला फोनवर सांगितलं की पलीकडे आधी दोन सेकंद शांतता पसरते. मग प्रश्न येतो, “त्यासाठी जागा कशाला राखायची? आमच्याकडे तर ती मोकळीच असतात.” ऐकून हसू येतं, पण प्रश्न चुकीचा मुळीच नाही. जिथे कुत्री आपापली मोकळीच हिंडतात, तिथे त्यांच्यासाठी वेगळं रान लागत नाही. अशा रानाची गरज पडायला आधी गावातली सगळी कुत्री पट्ट्याला बांधली जावी लागतात. ती कधी बांधली, कुणी बांधली, आणि एवढं बांधल्यावर पुन्हा सोडायची बुद्धी कुणाला झाली, हे आमच्या घराजवळच्या पार्काच्या निमित्ताने शोधत गेलो. या वीकेंडचा लेख त्यावर.

पार्काचं नाव मेरीमूर. गाव रेडमंड, वॉशिंग्टन राज्य, सिॲटलच्या पूर्वेला. मायक्रोसॉफ्टचं मुख्य ऑफिस १९८६ पासून याच गावात, त्यामुळे सॉफ्टवेअरवाल्या मराठी मंडळींना हे नाव नवीन नाही. पार्क किंग काउंटीचं आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. एकूण जागा ६४० एकर. खेळाची मैदानं आहेत, मैफिली होतात, सायकल शर्यतींचा गोल ट्रॅक आहे (१९९० च्या गुडविल गेम्समधल्या सायकल शर्यती त्यावर झाल्या होत्या). मे २०२५ पासून शेजारी लाइट रेलचं स्टेशनसुद्धा आहे. आणि या सगळ्या गजबजाटापासून जरा बाजूला, नदीला लागून, कुत्र्यांचे ते चाळीस एकर.

फाटकातून आत शिरलं की आधी गवताचा मोठा माळ लागतो. हा कुत्र्यांचा शिवाजी पार्क. चेंडू उडत असतात, कुत्री धावत असतात, आणि माणसं कॉफीचे कप धरून गप्पा ठोकत उभी असतात. माळ ओलांडला की झाडी सुरू होते. उंचच उंच कॉटनवुड, विलो, अल्डर, खाली नेचे आणि काटेरी ब्लॅकबेरीची जाळी. लाकडाच्या ढलप्या टाकलेल्या पायवाटा, चिखलाच्या जागी छोटे पूल, आणि त्या वाटांना फुटलेले फाटे थेट समामिश नदीत उतरतात. इथला पावसाळा ऑक्टोबर ते मे. तेवढे महिने सगळा रबरबाट असतो आणि कुत्र्यांना नेमकं तेच आवडतं.

मुलीच्या हट्टामुळे चार वर्षांपूर्वी आमच्या घरी मोत्या आला, तेव्हापासून शनिवारची सकाळ मेरीमूरची. मागच्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती, तिलाही घेऊन गेलो. पार्किंगमध्ये गाडी थांबली आणि आईने काच वर केली.

“अरे, ही एवढी सगळी सुटी?”

“आज्जी, ती चावत नाहीत गं,” मुलगी म्हणाली.

“चावेपर्यंत कुठलंच चावत नसतं.”

तिच्या भीतीला कारण आहे. ती नऊ वर्षांची असताना गल्लीतल्या कुत्र्याने तिच्या पोटरीचा लचका तोडला होता. मग चौदा दिवस रोज तालुक्याच्या दवाखान्यात जायचं आणि पोटात सुई टोचून घ्यायची. माझ्या आईच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, “पोटात चौदा इंजेक्शनं” हे शब्द त्यांना पाढ्यासारखे पाठ आहेत. त्याच कुत्र्याने गल्लीतल्या आणखी एका मुलाला ओरबाडलं होतं. त्याला घरच्यांनी मांत्रिकाकडे नेलं. पुढचं आई कधी सांगत नाही, आणि आम्हीही विचारत नाही.

तर आमच्या बायकोने आणि मुलीने मधे घेऊन आईला आत आणली. नदीपर्यंत पोचलो तोच पाण्यातून एक भलामोठा काळा लॅब्रेडोर वर आला आणि नेमका तिच्या शेजारी उभा राहून त्याने अंग झटकलं. मालक, सत्तरीचे गृहस्थ, माफी मागत धावत आले. आई भिजलेल्या ओढणीकडे न बघता मला म्हणाली, “विचार त्यांना, याला सुया टोचल्यात का?” मी जरा संकोचत विचारलं. गृहस्थांना काही वाटलं नाही. त्यांनी कुत्र्याच्या गळ्यातले दोन बिल्ले पुढे केले, एक काउंटीच्या लायसन्सचा आणि एक रेबीजच्या लशीचा. आईने पर्समधून चष्मा काढून दोन्ही वाचले. मग मोत्याचे वाचले. त्यानंतर तासभर ती बाकावर बसली. मांडी घालून, पाय वर घेऊन, पण बसली.

या बिल्ल्यांचा इतिहास पुढे येईलच. आधी जमिनीचा, कारण ही जमीन आणि कुत्रा यांचं नातं पार्काहून खूप जुनं आहे.

मेरीमूरमध्ये १९६० च्या दशकात उत्खनन झालं होतं आणि तिथे हजारो वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा सापडल्या. जवळच्याच बेअर क्रीक ओढ्याकाठी सापडलेली दगडी हत्यारं तर दहा हजार वर्षांपेक्षा जुनी निघाली. २०१५ मध्ये ती बातमी बरीच गाजली. पुढच्या काळात या नदीकाठी समामिश लोक राहायचे. प्युजेट साउंड नावाच्या इथल्या खाडीभोवती जे अनेक सेलिश समाज पसरले होते, त्यांतला हा एक.

या सेलिश समाजांची एक खासियत होती, ती म्हणजे लोकरीची कुत्री. खरंच. या भागात मेंढ्या नव्हत्या. बायकांनी पांढऱ्या दाट केसांची, लहान चणीची एक जात जपली होती. तिचे केस मेंढीसारखे कातरायचे, त्यांत डोंगरी बकऱ्यांची लोकर आणि वनस्पतींचे धागे मिसळायचे आणि घोंगड्या विणायच्या. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर १७९२ साली या खाडीत आला तेव्हा त्याने ही भादरलेली कुत्री पाहिली आणि लिहून ठेवलं की लोकर इतकी दाट आहे की एका टोकाला धरून उचलली तरी सुटत नाही. अशा एका कुत्र्याचं कातडं वॉशिंग्टन डीसीच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कुत्र्याचं नाव मटन (यात माझा काही हात नाही), मृत्यू १८५९. त्याच्या जनुकांचा अभ्यास डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर कुत्र्यांपासून ही जात काही हजार वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती आणि तेवढा काळ ती वेगळी राखली गेली होती, असं त्यात दिसलं.

वेगळी राखली कशी? मोकळं न सोडता. शिकारीच्या कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून लोकरीची कुत्री छोट्या बेटांवर किंवा कुंपणात ठेवायचे आणि खाऊ घालायला होडीने जायचे. म्हणजे आपण ज्याला “निसर्गाच्या सान्निध्यात मोकळी कुत्री” वगैरे समजतो, ते चित्र इथल्या मूळ रहिवाशांच्या काळातही इतकं सरळ नव्हतं. कुठलं कुत्रं कुठे हिंडेल याचा हिशेब तेव्हाही होता. पुढे साथीचे रोग आले, १८५५ चा पॉइंट एलियट तह झाला, समामिश लोकांना इथून हलवलं गेलं, बाजारात कारखान्यातली स्वस्त ब्लँकेटं आली. लोकरीची कुत्री सांभाळणारं घरदारच मोडलं, तेव्हा ती जातही संपली.

नंतरचा मालक अगदी वेगळ्या थरातला. जेम्स क्लाइझ नावाचा माणूस १८८९ च्या जूनमध्ये सिॲटलला आला. त्याच महिन्यात सिॲटलचा बाजारपेठेचा भाग आगीत जळून खाक झाला होता. जळालेलं शहर पुन्हा उभं राहताना जमिनीच्या आणि कर्जाच्या व्यवहारांत क्लाइझने चांगला पैसा केला. १९०४ मध्ये त्याने या नदीकाठी शिकारीसाठी बंगला बांधला. तेव्हा नदी वळणावळणाची होती, दोन्ही तीरांना दलदल आणि दलदलीत बदकांचे थवे. मग त्याने तिथेच मुक्काम हलवला, आयरशायर गाई आणल्या, जागेला विलोमूर नाव दिलं आणि आदर्श गोठा म्हणून ती नावारूपाला आणली. बंगला आणि बाहेरची पवनचक्की अजून उभी आहे. मेरीमूर हे नाव नंतरच्या मालकांच्या काळातलं.

१९१६ मध्ये एक मोठी गोष्ट घडली. समुद्र आणि लेक वॉशिंग्टन यांना जोडणारा कालवा झाला आणि त्या तलावाची पातळी सुमारे नऊ फुटांनी खाली गेली. समामिश नदी त्याच तलावाला मिळते. तलाव उतरला तशी नदीकाठची दलदलही ओसरत गेली. १९६० च्या दशकात लष्कराच्या इंजिनियरांनी पूर टाळायला नदी खोल आणि सरळ करून टाकली. १९६३ मध्ये काउंटीने ही जागा पार्कासाठी विकत घेतली. त्यामुळे आज मोत्या ज्या “जंगलात” खारींमागे धावतो, ते पुरातन अरण्य वगैरे नाही. जुनं अरण्य लाकूडतोड्यांनी केव्हाच संपवलं होतं. हे गोठ्याच्या आणि चिखलाच्या जागी वाढलेलं रान आहे. वय फार तर आमच्या आजोबांएवढं.

आता बिल्ल्यांकडे वळू.

कुत्र्याला पट्टा का लागला याचं खरं उत्तर एका शब्दाचं आहे, रेबीज. हा रोग एकदा लक्षणं दिसू लागली की जवळजवळ हमखास मारतो, आणि शहरं वाढत गेली तशी ही भीती सरकारदरबारी पोचली. लस नव्हती तोवर सरकारांना एकच उपाय सुचे, तो म्हणजे कुत्री मारणे. आणि या उपायाचं सगळ्यात ठळक उदाहरण कुठलं असेल, तर ते आपल्या मुंबईतलं.

मुंबईत इंग्रज सरकार दरवर्षी गर्मीच्या दिवसांत बेवारशी कुत्री मारायला परवानगी द्यायचं आणि दर कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली. बक्षिसासाठी मारणाऱ्यांनी पाळलेली कुत्रीही सोडली नाहीत, घरांच्या दारापर्यंत जाऊन मारली, अशा तक्रारी झाल्या. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी पडावी, या विधीला सगदीद म्हणतात. ६ जून १८३२ ला, नेमका पारशांचा पवित्र दिवस असताना, फोर्टात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. कुलाब्याच्या छावणीला जाणारं अन्नधान्य अडवलं गेलं. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही हरताळात होते. शेवटी सैन्य बोलवावं लागलं. याच धामधुमीनंतर, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरचा पांजरापोळ सुरू केला. रस्त्यावरची जनावरं मारण्यापेक्षा कुंपणाआड सांभाळू, हा विचार.

ऐकल्यासारखं वाटतंय ना? ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश दिला, त्यावर रान उठलं, आणि २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलून सांगितलं की नसबंदी आणि लसीकरण करून, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून बाकीची, आपापल्या भागात परत सोडावीत. दोनशे वर्षांत पक्ष तेच आहेत. एक म्हणतो उचला, दुसरा म्हणतो हात लावू नका.

इंग्लंडने तिसरा रस्ता धरला, आणि तोही भांडतच. १८९७ पासून शेतकी खात्याचा मंत्री वॉल्टर लाँग याने कुत्र्यांना तोंडाला जाळी बांधायची सक्ती देशाच्या मोठ्या भागात लावली, बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर बंधनं घातली. कुत्रेवाल्यांनी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. १९०२ मध्ये ब्रिटनमधून रेबीज गेला. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, तो परत शिरला आणि १९२२ पर्यंत पुन्हा हद्दपार झाला. अमेरिकेत हे काम उशिरा झालं. १९४० च्या दशकात इथे वर्षाला हजारो पिसाळलेली कुत्री सापडायची. १९४७ पासून देशभर मोहीम निघाली, त्यात कुत्र्यांना लस, भटक्यांना पकडणं, लायसन्स आणि पट्टा हे सगळं एकत्र होतं. कुत्र्यांमधून कुत्र्यांत पसरणारा रेबीज अमेरिकेतून संपला हे जाहीर व्हायला २००७ साल उजाडलं. वॉशिंग्टन राज्यात आज रेबीज आढळतो तो वटवाघळांत. त्या काळ्या लॅब्रेडोरच्या गळ्यातला छोटा बिल्ला म्हणजे या साठ वर्षांची पावती.

आणि आईची चौदा इंजेक्शनं? ती लस डेव्हिड सेंपल याने १९११ मध्ये कसौलीला तयार केली होती, मेंढीच्या मेंदूपासून. दुखायची, कधीकधी त्यातून लकवाही व्हायचा. जगाने चांगल्या लशी आणल्यावरही आपण ती वापरत राहिलो, आणि २००४ च्या अखेरीस ती एकदाची बंद झाली. आता दंडात चार-पाच इंजेक्शनांत काम होतं. आईला हे मी त्या बाकावरच सांगितलं. ती म्हणाली, “मग एवढी वर्षं आमच्या पोटावर का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर अशी कुत्री बांधली गेली. ती परत सोडायची मागणी आली १९७० च्या दशकात, आणि तीही रोगाचा धसका ओसरल्यावरच. त्यावेळी भांडण राहिलं होतं ते घाणीचं. न्यूयॉर्कमध्ये १ ऑगस्ट १९७८ पासून आपल्या कुत्र्याची घाण आपणच उचलायचा कायदा लागू झाला. लोकांनी आधी खूप चेष्टा केली. मग हळूहळू उचलू लागले. यातून एक गोष्ट सिद्ध झाली, की कुत्रेवाल्यांवर विश्वास टाकता येतो. पुढे सेंट्रल पार्क आणि प्रॉस्पेक्ट पार्क अशा झाडीच्या मोठ्या पार्कांत रात्री नऊ ते सकाळी नऊ कुत्री सोडायला मुभा मिळाली. वीसेक वर्षं ती नुसती वहिवाट होती, कोर्टबाजी झाल्यावर २००७ मध्ये नियमात लिहिली गेली.

फक्त कुत्र्यांसाठी राखलेली अमेरिकेतली पहिली जागा म्हणून बर्कलीच्या ओलोनी पार्कातली सांगतात, साल १९७९. तिची कथा मजेदार आहे. बर्कलीकरांनी १९६६ मध्ये मतदान करून स्वतःवर जादा कर लावून घेतला, मेट्रो डोक्यावरून न जाता जमिनीखालून जावी म्हणून. त्यासाठी घरं पाडली आणि वर मोकळी पट्टी उरली. १९६९ च्या आंदोलनांच्या दिवसांत लोकांनी तिथे परस्पर झाडं लावली आणि पट्टी आमची म्हणून सांगितलं. दहा वर्षांनी तिथे रीतसर पार्क झाला आणि त्याच्या एका कोपऱ्यात कुत्री सुटी झाली.

सिॲटलमध्ये ही हवा १९९० च्या दशकात आली. शहराने १९९६ मध्ये काही जागांवर कुत्री सोडून बघायचा प्रयोग सुरू केला. मेरीमूरमध्ये लोक आधीपासूनच कुत्री घेऊन येत होते. दशकाच्या मध्याला त्यांनी संस्था काढली, नाव सर्व्ह अवर डॉग एरियाज. इंग्रजी आद्याक्षरं जुळवा: सोडा! कुत्री मोकळी सोडायची मागणी करणाऱ्या संस्थेचं नाव “सोडा” असावं, आणि ते ठेवणाऱ्यांना मराठीचा गंधही नसावा, याहून सुंदर योगायोग मला माहीत नाही.

या “सोडा”वाल्यांनी काउंटीबरोबर बसून काम वाटून घेतलं. पायवाटांवर ढलप्या टाकणं, घाणीच्या पिशव्यांचे खांब भरलेले ठेवणं, नव्या लोकांना नियम समजावणं, यात स्वयंसेवकांचा मोठा वाटा. ब्लॅकबेरी तोडायलाही तेच. तिला इथे “हिमालयन ब्लॅकबेरी” म्हणतात. १८८५ मध्ये लूथर बरबँक नावाच्या बागायतदाराने भारतातून आलेल्या बियांतून ती वाढवली आणि हिमालयाचं नाव देऊन विकली. खरं मूळ आर्मेनिया-इराणकडचं. नाव आपलं, बदनामी आपली, काटे मात्र दुसऱ्याचेच.

भांडणं अजूनही आहेत, नाहीत असं नाही. पक्षी बघणाऱ्यांची लाडकी वाट याच कुत्र्यांच्या रानातून जाते आणि उंच कॉटनवुडांवर बगळ्यांची मोठी घरटी असतात. नदीतून सामन मासे वर चढतात. त्यांतल्या चिनूक जातीला १९९९ मध्ये संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळालं. शेकडो कुत्री हवी तिथून नदीत उड्या मारू लागली तर काठ ढासळतात, गाळ माशांच्या मुळावर येतो. म्हणून पाण्यात उतरायच्या जागा ठरवून बांधून काढल्या आणि बाकीचे काठ झाडांना दिले. २००२ मध्ये काउंटीच्या तिजोरीत खडखडाट झाला, पार्कं बंद पडायची वेळ आली, तेव्हा २००३ मध्ये मतदारांनी पार्कांसाठी वेगळा कर मंजूर केला, आणि पुढेही तो दर काही वर्षांनी करत आले.

नियम म्हणाल तर ते फाटकापाशीच लिहिलेत. लस आणि लायसन्स हवं. पट्टा हातात हवा. हाक मारली की कुत्रं आलं पाहिजे. घाण उचला. दांडगाई केली तर बाहेर. शिवाय राज्याचा कायदा असा की कुत्रं चावलं तर जबाबदार मालक. ते आधी कधी कुणाला चावलं नव्हतं ही सबब चालत नाही. पट्टा सुटला तरी मालक बांधलेलाच असतो, असं म्हणा हवं तर.

आता मूळ प्रश्नाकडे. “आमच्याकडे तर ती मोकळीच असतात.” असतात, पण तिथे रस्त्यावरच्या कुत्र्याला ना बिल्ला, ना मालक, ना हाक मारणारं कुणी. आणि त्याची किंमत माणसं मोजतात. भारतात रेबीजने वर्षाला अठरा ते वीस हजार माणसं जातात असं जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज सांगायचा. अलीकडच्या एका मोठ्या भारतीय सर्वेक्षणाने हा आकडा पाच हजार सातशेच्या आसपास काढला. कमी झाला म्हणून आनंद मानायचा तर माना, पण प्रत्येक आकड्यामागे आईच्या गल्लीतल्या त्या मुलासारखं कुणीतरी आहे.

म्हणून मेरीमूरची नक्कल करून पुण्यात चाळीस एकर कुंपण घाला असं मी म्हणणार नाही. एवढी जागा मिळाली तर तिच्यावर टॉवर उभे राहतील हे तुम्हालाही ठाऊक आहे. नक्कल करायचीच तर मधल्या पायरीची करावी, बिल्ल्याची. आणि ती आपल्याच शेजारी करून झाली आहे. गोव्यात मिशन रेबीज आणि राज्य सरकारने मिळून वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली. मारलं कुणाला नाही, उचलून कायमचं कोंडलं नाही. जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, पकडायचं, टोचायचं, खूण करायची, सोडायचं. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचं गणित. कुठली गल्ली झाली आणि कुठली राहिली हे टीमचे लोक फोनवरच्या ॲपमध्ये नकाशावर नोंदवत होते, म्हणजे आपल्या धंद्यातल्या कुणीतरी लिहिलेला कोडही त्यात कामाला आला. २०२२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, आणि २०१८ व २०१९ या वर्षांत गोव्यात माणसाचा एकही रेबीज मृत्यू नोंदला गेला नाही.

१८३२ च्या दंगलीत आणि २०२५ च्या कोर्टकचेरीत दोन्ही बाजू ज्या प्रश्नावर अडल्या, तो होता “ठेवायची की काढायची”. आईने नदीकाठी ओल्या ओढणीने विचारलेला प्रश्न वेगळा होता. माझ्या मते आधी तो विचारायला हवा. पुण्यात तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी जी चार-पाच कुत्री बसलेली असतात, त्यांना सुया टोचल्यात का? माहीत नसेल, तर या रविवारी वॉचमनकाकांना विचारून बघा. त्यांनाही माहीत नसेल, तर पुढचा फोन महापालिकेला.